पांढरे लुगडे, सावळा चेहरा आणि आमचा पहिला कॅमेरा

(युवक प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिरात आमच्याकडे जो विषय दिला आहे तो ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. स्पर्धा परीक्षा, आरोग्य, कायदा अशा विषयांच्या रांगेत कॅमेरा कसा वापरावा हा विषय काहीसा हौशी वाटतो. आम्हालाही तो तसाच वाटत होता. परंतु मंडळाच्या पहिल्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर हात बसवताना जे अनुभव आले, त्यातून हा विषय हौसेपुरता राहिला नाही. तो अनुभव आणि त्यातून शिकलेली माहिती आपल्यासमोर ठेवतो.

आम्ही म्हणजे मंडळाच्या अभ्यासिकेत बसणारे पाच जण. आमच्यापैकी कोणीही छायाचित्रणाचा अभ्यासक्रम केलेला नाही. सभासदांच्या वर्गणीतून एक वापरलेला कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्यासोबतची १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स घेतली. हा कॅमेरा २०१८ साली बाजारात आला. आता कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आले आहेत. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. तो लेन्समधून आलेले दृश्य वर डोळ्याकडे पाठवतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. तो जो "खटाक्" आवाज येतो, तो या हालचालीचा.

कॅमेरा आला त्या दिवशी पहिली फजिती झाली. आमच्यातील एकाला डोळा लावला की सगळे धूसर दिसे. कॅमेरा बिघडलेला मिळाला अशी आमची खात्री झाली. विक्रेत्याला फोनही लावला होता. मग दुसऱ्याने डोळा लावला तर त्याला स्वच्छ दिसले. डोळा लावण्याच्या खिडकीजवळ एक बारीक चाक असते. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवून घ्यायचे असते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, चाकाचाही नव्हता, न वाचलेल्या माहितीपुस्तिकेचा होता. विद्यार्थी मित्रहो, यंत्र हाती आले की आधी पुस्तिका वाचावी. हा आमचा पहिला धडा.

दुसरी फजिती जयंतीच्या मिरवणुकीत झाली. वरच्या चाकावर हिरव्या चौकोनाचे चिन्ह असते. त्यावर ठेवले की सगळे निर्णय कॅमेरा घेतो. आम्ही त्यावर विसंबून संध्याकाळभर चारशेच्या वर फोटो काढले. रात्री संगणकावर पाहिले तेव्हा मान खाली गेली. अंगचा फ्लॅश पुढच्या रांगेपर्यंतच पोहोचला होता. तो तीन-चार मीटरच्या पलीकडे फारसा उपयोगी पडत नाही, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढची रांग पांढरीफटक आणि मागची सगळी माणसे काळोखात. जिथे फ्लॅश उडाला नाही, तिथे लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या हातांची नुसती रेघ उमटली होती.

परंतु ज्या प्रसंगाने आम्हाला खऱ्या अर्थाने शिकायला लावले, तो याच्या नंतरचा आहे.

आमच्या वस्तीत एक आजी आहेत. वयाची सत्तरी ओलांडलेली. नाव सांगत नाही, इथे बसलेल्या बऱ्याच जणांना त्या ठाऊक आहेत. त्यांनी स्वतः निरोप पाठवला की पोरांनो, मशीन आणलं म्हणे, माझा एक चांगला फोटो काढा. आजींनी ठेवणीतले पांढरे लुगडे नेसले. आम्ही त्यांना विहाराच्या चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवले, हिरव्या चौकोनावर चाक ठेवले आणि बटण दाबले. मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. आजींनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, "एवढी कायी हाव का रे मी?"

खरोखर चेहरा काळा ठिक्कर आला होता. नाक, डोळे, कपाळावरच्या रेषा काहीच दिसत नव्हते. लुगडेसुद्धा पांढरे न दिसता मळके, राखेच्या रंगाचे दिसत होते. आमच्यातील एकाने वेळ सावरण्यासाठी मोबाइलवर फोटो घेऊन त्यावर चेहरा उजळ करणारी युक्ती वापरली. आजी क्षणात गोऱ्यापान झाल्या, सुरकुत्याही गेल्या. त्यांनी तोही फोटो पाहिला आणि मोबाइल परत दिला. "हे त कोनी दुसरीच बाई हाय," एवढेच बोलल्या आणि उठल्या.

जाताना त्यांनी फोटो कशासाठी हवा होता तेही सांगितले. १९५६ साली १४ ऑक्टोबरला त्या आईच्या कडेवर बसून नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. त्यांना स्वतःला त्यातले काही आठवत नाही, आईने सांगितलेले तेवढे आठवते. त्या आईचा एकही फोटो घरात नाही. त्या सोहळ्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पांढऱ्या वस्त्रांतील अथांग जनसमुदाय त्यात दिसतो. आजी म्हणाल्या, त्यात माही माय असंन, पन कोन्ती ते कसं सांगू? आपल्या नातवंडांना असा प्रश्न पडू नये, एवढ्यासाठी त्यांना एक फोटो हवा होता.

त्या दिवशी आम्ही पाचही जण खजील होऊन परतलो. कॅमेऱ्याने असे का केले, हे शोधायचे ठरवले. पुढे तीन महिने दर रविवारी आम्ही तेच केले. जे समजले ते आता क्रमाने सांगतो.

कॅमेऱ्याला माणूस ओळखता येतो असे आपण समजतो. आजकालच्या मोबाइलना चेहरा काही प्रमाणात ओळखता येतो. परंतु उजेड मोजण्याची मूळ पद्धत अगदी सोपी आणि आंधळी आहे. समोरून येणाऱ्या उजेडाची कॅमेरा सरासरी काढतो. ही सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी असावी असे तो गृहीत धरतो. छायाचित्रकार याला १८ टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा रंग. रस्ता, झाडे, आकाश, माणसे असे सर्व मिळून असलेल्या दृश्यात हे गृहीत बऱ्यापैकी जुळते. आमच्या चौकटीत काय होते? पांढरी भिंत आणि पांढरे लुगडे. कॅमेऱ्याला वाटले, अरे, उजेड फारच झाला. त्याने उजेड कमी केला. भिंत करडी झाली, लुगडे करडे झाले आणि सावळा चेहरा काळोखात गेला. कॅमेऱ्याने त्याचा हिशेब चोख केला होता. त्या हिशेबात चौकटीतील मोठा भाग जिंकला आणि लहान भाग, म्हणजे आजींचा चेहरा, हरला.

आता विचार करा. आपल्या समाजाचे सगळे मोठे प्रसंग पांढऱ्या वस्त्रांतले. बुद्धपौर्णिमा, वर्षावास, मंगलपरिणय. आपल्या बहुतेकांचे रंग सावळे, गव्हाळ, काळे. म्हणजे या यंत्राच्या सरासरीत आपले चेहरे हरण्याची शक्यता जास्त. ही गोष्ट फक्त आपल्यापुरती नाही. पाश्चात्त्य देशांत रंगीत फिल्म आली तेव्हा कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना छायाचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या वर्णाची तरुणी असे. तिच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर, असा दंडक होता. काळ्या मुलांचे फोटो नीट येत नाहीत, ही आफ्रिकी वंशाच्या आयांची तक्रार बराच काळ कोणी मनावर घेतली नाही. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत दिसत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा फिल्म सुधारण्याला गती आली असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढे १९९० च्या दशकात वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली नमुना कार्डे आली.

तेव्हा यंत्र तटस्थ आहे असे समजून स्वस्थ बसू नये. त्याचे गृहीत काय आहे ते जाणून घ्यावे आणि जिथे ते आपल्याला लागू पडत नाही तिथे निर्णय आपल्या हाती घ्यावा. निर्णय घेण्यासाठी कॅमेऱ्यात तीन किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र. दुसरी शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा तो काळ. नळावर घागर भरण्याचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात नळ आला की आपण तोटी पूर्ण उघडतो, घागर लवकर भरते. तोटी अर्धी उघडली तर दुप्पट वेळ लागतो. घागर तेवढीच भरते. छिद्र म्हणजे तोटी आणि शटर म्हणजे वेळ. छिद्राचे आकडे मात्र नव्या माणसाला चकवतात. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे ते असतात. आकडा लहान तर छिद्र मोठे. कारण हा आकडा भागाकाराचा आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरचे छिद्र असेल तर आकडा २. या क्रमातील प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. निम्मा किंवा दुप्पट होण्याच्या या पायरीला स्टॉप म्हणतात. हा एक शब्द पक्का केला तर पुढचे सगळे सोपे जाते.

तिसरी किल्ली आयएसओ. मिरवणुकीतल्या भोंग्याचे उदाहरण घ्या. बोलणाऱ्याचा आवाज बारीक असेल तर आपण अ‍ॅम्प्लिफायर वाढवतो. आवाज मोठा होतो, पण खरखरही मोठी होते. आयएसओ १०० वरून २००, ४००, ८०० असा वाढवला की दर पायरीला फोटो एक स्टॉप उजळतो आणि सोबत दाणेदार खरखर वाढते. आमच्या कॅमेऱ्यात १६०० पर्यंत खरखर फारशी खटकत नाही. ६४०० ला ती स्पष्ट दिसते. तरीसुद्धा आमचा अनुभव असा की हललेल्या फोटोपेक्षा खरखर असलेला फोटो बरा. खरखरीत माणूस ओळखू येतो.

या तिन्ही किल्ल्यांचा सराव कुठे करायचा? वऱ्हाडचे ऊन हीच आपली फुकटची प्रयोगशाळा. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात छिद्र १६ ठेवावे आणि शटरचा काळ आयएसओच्या आकड्याइतक्या भागाचा ठेवावा. आयएसओ १०० असेल तर एक शतांश सेकंदाच्या जवळपास, कॅमेऱ्यात १/१२५ मिळते ते घ्यावे. आम्ही एप्रिलमध्ये दुपारी शेतात उभे राहून कॅमेऱ्याचे मोजमाप न पाहता या ठोकताळ्याने फोटो काढले. ते बरोबर आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की यंत्र आपल्या हातात आले.

नंतर लोणारला गेलो. अशनीच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात झालेले ते विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभे राहिले की वर तळपते आकाश, खाली झाडीने भरलेला काळपट उतार आणि मध्ये चकाकते पाणी. एका चौकटीत तीन प्रकारचे उजेड. आकाश नीट घेतले तर उतार काळा होतो, उतार नीट घेतला तर आकाश पांढरे फटक होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. काय दाखवायचे ते आधी मनाशी ठरवावे लागते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे सांगितले. अशा वेळी फोटोतला रंग खरा असणे किती महत्त्वाचे आहे पहा. पाणी होते त्याहून अधिक गुलाबी दाखवले तर ती कागदोपत्री खोटी साक्ष होईल. चेहऱ्याचेही तसेच आहे.

लोणारच्या मंदिरांची छायाचित्रे १८६० च्या दशकात मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतली. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेले हे मद्रास सेनेतील अधिकारी. त्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात ते छायाचित्रणाकडे वळले होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर द्रव्य ओतायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी काच अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळे काम काही मिनिटांत उरकावे लागे. आपल्या उन्हात ते किती कठीण गेले असेल! एका काचेमागे एवढे कष्ट असतील तर माणूस आधी विचार करतो, मग फोटो घेतो. आम्ही चारशे फोटो काढले आणि एकदाही विचार केला नाही.

आपले बुलढाणा शहर ज्या अजिंठा डोंगररांगेवर वसले आहे, तिच्याच कुशीत ती लेणी आहेत. आम्ही तिथेही गेलो. लेण्यांच्या आत फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून छिद्र जेवढे मोठे होईल तेवढे केले, आयएसओ वाढवला आणि कोपर छातीशी टेकवून, श्वास रोखून, मंद शटरने फोटो घेण्याचा सराव केला. पण तिथे खरे शिकलो ते चित्रांपासून. त्या भिंतींवर गोरी, गव्हाळ, सावळी, काळी माणसे शेजारी शेजारी आहेत. काळ्या माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा कलावंताने उजेड कुठे पडतो ते दाखवले आहे. डोळे बोलके आहेत, ओठांची रेघ स्पष्ट आहे. कोणालाही उजळ केलेले नाही आणि कोणाला अंधारातही ढकललेले नाही. दीड हजार वर्षांपूर्वी दिव्याच्या आणि परावर्तित उन्हाच्या उजेडात ज्यांना हे जमले, त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हाला हातात यंत्र असून जमू नये, याचे वाईट वाटले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. पांढरे कपडे आणि सावळा चेहरा असेल तर काय करायचे?

एक, हिरव्या चौकोनातून बाहेर या. चाकावर एव्ही ही खूण आहे, ती लावा. तिथे छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो आणि त्याच्या हिशेबात दुरुस्ती करण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो. अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते. ते दाबून चाक फिरवले की काटा अधिककडे किंवा उणेकडे सरकतो. चौकटीत पांढरे जास्त असेल तर अधिक एक स्टॉप. काळ्या घोंगडीपुढे किंवा काळ्या कातळापुढे माणूस असेल तर उलट, उणे एक. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे, एवढे पाठ करा.

दोन, मोजमाप कुठले घ्यायचे ते ठरवा. आमच्या कॅमेऱ्यात फक्त मधल्या साधारण दहा टक्के भागाचे मोजमाप घेण्याची सोय आहे. ते चेहऱ्यावर घेता येते. परंतु इथेही सावध राहावे. चेहरा फार गडद असेल तर कॅमेरा त्यालाही मध्यम करडा करायला जाईल, म्हणजे आहे त्याहून उजळ करील. तेव्हा अर्धा स्टॉप उणे करावा लागतो. याहून सोपा उपाय म्हणजे आपला तळहात. चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्याच उजेडात आपला तळहात धरावा, त्यावर मोजमाप घ्यावे आणि एक स्टॉप वाढवावा. माणसाचा रंग कोणताही असो, तळहाताचा रंग त्या मानाने सारखा असतो आणि मध्यम करड्याहून सुमारे एक स्टॉप उजळ असतो.

तीन, उजेड निवडा. भर दुपारी उघड्यावर बसवले तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख जमतो. माणसाला ओसरीच्या किंवा दाराच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून बसवावे. आमच्याकडे कापडी मांडवाखाली फोटो काढायची पद्धत आहे. निळ्या मांडवाखाली निळा चेहरा आणि केशरी मांडवाखाली पिवळा चेहरा येतो, कारण उजेड कापडातून गाळून येतो. तिथे एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन कॅमेऱ्याला सांगावे की हे पांढरे आहे. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. किंवा माणसाला मांडवाबाहेर आणावे, ते अधिक सोपे.

चार, लेन्स ५५ वर ठेवून दोन पावले मागे उभे राहा. १८ वर ठेवून जवळ गेलो तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. फोकस नऊ बिंदूंपैकी कॅमेऱ्याच्या मर्जीवर न सोडता एक बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

पाच, फोटो झाल्यावर पडद्यावर उजेडाचा आलेख पाहावा. जो भाग लुकलुकतो तो पार पांढरा होऊन गेला असे समजावे. लुगड्याचे विणकाम आणि चेहऱ्याच्या रेषा दोन्ही दिसल्या तर मोजमाप साधले. शक्य असेल तर रॉ प्रकारात फोटो साठवावा, म्हणजे नंतर थोडी दुरुस्ती करता येते.

मिरवणुकीसाठी एवढेच सांगतो. लेझीम गोठवायची तर शटर १/५०० च्या आसपास हवे. उधळलेला रंग आणि धूळ असताना लेन्स कधीही बदलू नये, सेन्सरवर कण बसले की प्रत्येक फोटोत डाग येतो. आणि कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये. बाया-मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. ज्याचा फोटो काढला त्याला तो पोहोचवणे हे आपले कर्तव्य समजावे.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा आजींच्या घरी गेलो. त्यांना यायला सांगितले नाही, आम्हीच गेलो. आजींनी आधी नाही म्हटले. मग एका पोराला म्हणाल्या, चहा तरी घ्या. चहा होईपर्यंत आम्ही ओसरीचा उजेड पाहिला. सकाळचे नऊ वाजले होते. समोरच्या घराच्या मातीच्या भिंतीवर ऊन पडून मऊ उजेड ओसरीत येत होता. आजी तेच पांढरे लुगडे नेसून उंबऱ्याजवळ बसल्या. छिद्र ५.६, आयएसओ ४००. कॅमेरा म्हणाला १/२५०. आम्ही तळहातावर मोजमाप घेतले, अधिक एक स्टॉप दिला, शटर १/१२५ झाले. चारशे नाही, अकरा फोटो काढले. आजी नातीशी काहीतरी बोलत असताना सातवा निघाला.

पडद्यावर दाखवला. या वेळी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुरकुत्या होत्या, कपाळावरचे गोंदण होते, रंग होता तसाच सावळा होता. डोळ्यांत ओसरीच्या दाराचा उजेड चमकत होता. मग त्या नातीला म्हणाल्या, "पाय, माही माय अशीच दिसे."

आम्ही तो फोटो सहा बाय चार इंचांच्या कागदावर छापून त्यांना दिला. एवढ्या आकाराला तीनशे ठिपक्यांच्या हिशेबाने अठराशे बाय बाराशे ठिपके पुरतात, आमच्या कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी जास्त असतात. तेव्हा फोटो छापायला महागडा कॅमेरा लागत नाही, हेही लक्षात घ्या. मेमरी कार्डात पडून राहिलेला फोटो हरवायला वेळ लागत नाही. कागदावर आलेला फोटो भिंतीवर लागतो, त्यामागे नाव, गाव आणि साल लिहिता येते. आम्ही लिहून दिले.

विद्यार्थी मित्रहो, यापुढे मंडळाने एक काम हाती घ्यावे अशी आमची नम्र सूचना आहे. वस्तीतील सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक व्यक्तीचा एक नीट फोटो, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच ओसरीवर काढावा. एक प्रत त्यांना द्यावी आणि एक प्रत नाव, गाव, साल लिहून मंडळाच्या संग्रहात ठेवावी. कॅमेरा मंडळाचा आहे, म्हणजे आपला सर्वांचा आहे. दर रविवारी सकाळी आम्ही अभ्यासिकेत असतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. मुलींनी तर अवश्य यावे, कारण आजी आणि आत्या त्यांच्यासमोर अधिक मोकळेपणाने बसतात.

येताना एक कोरा पांढरा कागद आणावा. पहिला धडा त्याचाच आहे. त्याचा फोटो काढून पाहायचा आणि तो करडा का आला ते समजून घ्यायचे.



जयभीम! जय भारत!